इंटरनेटचं मूळ टेलिफोनात शोधू नका, तारेत शोधा

तारमास्तर_सांगली | रविवार, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून विश्रामबागेतल्या आमच्या वाचनालयात अकरावी-बारावीची मुलं रविवारी माझ्याशी बोलायला येतात. फोनमधलं त्यांना सगळं येतं. पण सांगलीतून साताऱ्याला पाठवलेला मेसेज नेमका कुठून जातो असं विचारलं की निम्मी मुलं आभाळाकडे बोट दाखवतात, उरलेली टॉवरकडे. हा विषय मुळापासून सांगणारं मराठी लेखन मुलांच्या हातात पडावं अशी फार इच्छा आहे, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

माझं म्हणणं आधीच मांडतो. इंटरनेट म्हणजे टेलिफोनची सुधारलेली आवृत्ती असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. दूरसंचाराच्या सगळ्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: लाईन थोड्या आणि बोलणारे फार, तर वाटणी कशी करायची? इंटरनेटने या प्रश्नाला दिलेलं उत्तर टेलिफोनच्या आधीच्या तारखात्याचं आहे.

अमेरिकेत सॅम्युएल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला आपला प्रसिद्ध संदेश पाठवला तो २४ मे १८४४ रोजी. आपल्याकडे विल्यम ओशॉनेसी या कंपनी सरकारच्या डॉक्टरने १८३९ मध्येच कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले होते. १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी प्रायोगिक लाईन पडली, आणि १८५५ मध्ये सर्वसामान्यांना तार खुली झाली तोवर कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास एका जाळ्यात आले होते. १८७० मध्ये समुद्राखालच्या केबलने मुंबई लंडनला जोडली गेली. बोटीच्या टपालाला जिथे आठवडे लागत, तिथे काम तासांवर आलं.

आता तार जायची कशी ते बघा. लहान गावातली तार थेट कलकत्त्याला जात नसे. वाटेतल्या मोठ्या तारघरात ती उतरवून घेत, पुढची लाईन मोकळी होईपर्यंत ती थांबे, मग पुढच्या टप्प्याला रवाना होई. एक तार संपली की त्याच लाईनवर लगेच दुसऱ्या कुणाची. एखादी वाट बंद पडली तर वळसा घेऊन दुसऱ्या तारघरामार्फत पाठवत. मजकुराच्या आधी कुठून निघाली, कुठे जायची, किती शब्दांची, किती वाजता दिली हे यायचं. शब्दांची संख्या केवळ पैसे आकारायला नव्हती. घेणारा शब्द मोजून बघे, आणि हिशेब जुळला नाही तर पुन्हा विचारणा करी.

टेलिफोनची रीत वेगळी. ग्रॅहम बेलला पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ रोजी, आणि आपल्याकडे कलकत्ता, मुंबई, मद्रास इथली एक्स्चेंज सुरू झाली २८ जानेवारी १८८२ रोजी. इथे बोलणाऱ्या दोघांमध्ये एक अखंड वाट जोडून द्यावी लागते. कॉल चालू आहे तोवर ती वाट त्या दोघांचीच. ते गप्प बसले तरी तिसऱ्याला तिचा उपयोग नाही.

या दोन रीती डोक्यात ठेवा. पुढचं सगळं त्यातून उलगडतं.

वाईकर | रविवार, सकाळी ११:०२

सुंदर सुरुवात, मास्तर. ट्रंक कॉलचे दिवस आठवले. १८० ला नंबर नोंदवायचा आणि घरातल्या एकाने फोनपाशी बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे वर्ग. अर्जंटला दुप्पट पैसे, लायटनिंगला कितीतरी पट. घरी फोन नसेल तर शेजाऱ्यांचा नंबर पीपी म्हणून लग्नपत्रिकेतसुद्धा छापत. त्या काळी ताटकळणं का होतं ते आज तुमच्यामुळे नीट कळलं: वाईहून मुंबईपर्यंतची अख्खी वाट मोकळी व्हायला हवी होती.

हळदपेठ | रविवार, दुपारी १२:३०

तारमास्तर, तुमच्या मुद्द्याला आमच्या पेठेतला एक पुरावा जोडतो. जुन्या अडत दुकानांची बिलबुकं काढून बघा. दुकानाच्या नावाखाली 'ग्राम' असं लिहून पुढे एकच शब्द छापलेला असतो. तो तारेचा पत्ता. तारेत पत्त्याच्या शब्दांनाही पैसे पडत, म्हणून व्यापारी तारखात्याकडे एक छोटं नाव नोंदवून घेत. बाहेरगावच्या व्यापाऱ्याने तो शब्द आणि 'सांगली' एवढंच लिहिलं की तारघरातली नोंदवही बघून शिपाई बरोबर दुकानात तार आणून देई. एका गावात एक नाव एकालाच मिळे.

आज मी दुकानासाठी डोमेन घेतलं तेव्हा हेच तर केलं!

तारमास्तर_सांगली | रविवार, दुपारी १:१०

हळदपेठ, अगदी नेमकं बोललात. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राचा खरा पत्ता आकड्यांचा असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. जुनी पद्धत, म्हणजे आयपीव्ही४, ३२ बिटांची. त्यातून जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. जगाला ते पुरत नाहीत म्हणून १२८ बिटांची आयपीव्ही६ आली. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, त्यामुळे नावावरून आकडा काढून देणारी नोंदवही लागते. ती डीएनएस. पॉल मोकापेट्रिसने १९८३ मध्ये ती आखली. तुमचं तारघर एका गावाची वही ठेवायचं. ही वही जगभर वाटलेली आहे: वरच्या टोकाला ए ते एम अशा १३ नावांचे रूट सर्व्हर, त्यांच्याखाली डॉट कॉम, डॉट इन वगैरेंचे, त्यांच्याखाली तुमच्या दुकानाचा. प्रत्येकाला फक्त आपल्या खालचा ठाऊक असतो. सगळं जग पाठ असलेला कुणीच नाही, आणि म्हणूनच ही रचना एवढी वाढू शकली.

याच्याच जोडीला आणखी एक. शुभेच्छांच्या तारेची वाक्यं ठरलेली असत आणि त्यांना क्रमांक होते. दिवाळीच्या शुभेच्छा, नवदांपत्याला आशीर्वाद वगैरे. गिऱ्हाईक क्रमांक सांगे, तारेवरून क्रमांकच जाई, पलीकडचा तारबाबू पूर्ण वाक्य उतरवी. दोन्ही बाजूंकडे एकच तक्ता असला की थोडक्यात पुष्कळ पाठवता येतं. आजच्या इमोजीचंही तेच आहे. फोनमधून चित्र जात नाही, चित्राचा क्रमांक जातो.

निनाद_८८ | रविवार, दुपारी ३:४५

काका, आदर ठेवून विरोध नोंदवतो. माझ्या पिढीने इंटरनेट बघितलं तेच टेलिफोनच्या वायरीतून. मोडेमचा तो चिरचिरणारा आवाज, आणि नेट चालू असताना आत्याचा फोन लागत नाही म्हणून घरात होणारा आरडाओरडा. ब्रॉडबँड आलं तेही त्याच तांब्याच्या जोडीवरून. मग टेलिफोनला बाजूला कसं काढता येईल?

तारमास्तर_सांगली | रविवार, संध्याकाळी ५:२०

निनाद, प्रश्न रास्त आहे. वायर टेलिफोनची होती हे खरं. पण वायर एक आणि वाटणीची रीत दुसरी. तुमच्या घरातला आरडाओरडा हाच त्याचा दाखला: तुमचा मोडेम टेलिफोनच्या रीतीने एक अखंड वाट अडवून बसे, म्हणून आत्याला लाईन मिळत नसे.

माझं आयुष्य या यंत्रणेत गेलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सुरुवातीला वाट जोडून देणारी माणसं होती, स्विचबोर्डवर बसलेली. मग अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रौजर नावाच्या अंत्यविधीच्या व्यावसायिकाने माणसाशिवाय चालणारं एक्स्चेंज शोधलं. पेटंट १८९१ चं. तुम्ही डायल फिरवून सोडली की ती परत येताना वायरीतला प्रवाह तितक्या वेळा तुटायचा: पाचला पाच वेळा, शून्याला दहा वेळा. त्या प्रत्येक झटक्याला एक्स्चेंजमधला सिलेक्टर एकेक पायरी चढायचा. सकाळी अकराच्या गर्दीच्या वेळी स्ट्रौजरच्या खोलीत शेकडो सिलेक्टरचा खडखडाट चालायचा आणि अनुभवी मेकॅनिकला त्या आवाजावरून कुठली रॅक अडकली ते कळायचं.

भारतात एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावचा नंबर फिरवायची सोय, सुरू झाली १९६० मध्ये, लखनौ ते कानपूर. तरी खेड्यांपर्यंत फोन पोचेना, कारण परदेशी एक्स्चेंज महाग आणि त्यांना वातानुकूलित खोली लागायची. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था उभी राहिली. सॅम पित्रोदा त्यामागे होते. तिथल्या तरुण अभियंत्यांनी १२८ लाईनचं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं, जे एसीशिवाय, आपल्या धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल. त्याची सुरुवात १९८६ मध्ये झाली ती आपल्यापासून लांब नाही, बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला, राणी चन्नम्मांच्या गावात. पुढे देशभर हजारो गावांत ते बसलं. या कामाचं मोल माझ्या मते आपल्याकडे अजून कुणी पुरेसं ओळखलेलं नाही.

आता मोडेमकडे. टेलिफोनची लाईन बोलण्यापुरती आखलेली: साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज ती नेते. डिजिटल एक्स्चेंज त्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणून एका कॉलला लागतात ६४ किलोबिट. असे ३० कॉल आणि सिग्नलिंग वगैरे मिळून सेकंदाला २ मेगाबिटची एक वाहिनी होते, तिला आम्ही ई-वन म्हणत असू. मोडेम संगणकाची माहिती या आवाजाच्या चौकटीत बसवायचा, म्हणून तो चिरचिरायचा, आणि म्हणूनच ५६ किलोबिटच्या पुढे गेला नाही. २००५ च्या सुमाराला आलेल्या ब्रॉडबँडने तीच तांब्याची जोडी वापरली, पण बोलण्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर. एक्स्चेंजमध्ये दोन्ही वेगळे होत आणि डेटा टेलिफोनच्या स्विचला हातही न लावता बाजूने निघून जाई. तुमचं घर एक्स्चेंजपासून लांब असेल तर वेग पडायचा, कारण वरच्या फ्रिक्वेन्सी तांब्यात लवकर विरतात.

तेव्हा टेलिफोनने इंटरनेटला रस्ता दिला, हे कबूल. त्या रस्त्यावरून चालायची पद्धत मात्र त्याची नव्हती.

स्नेहल_कराड | रविवार, रात्री ९:०५

मी कराडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात सर्किट स्विचिंग (टेलिफोनची अखंड वाटेची रीत) आणि पॅकेट स्विचिंग (तुकड्यांची रीत) अशी दोन पानं आहेत, पण तारेचा हा धागा कुणी सांगितला नव्हता. मी पॅकेटचं लिहिते, काका तपासतील.

१९६० च्या दशकात दोन माणसं एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच कल्पनेवर आली. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेत पॉल बॅरन आणि इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस. संदेश अख्खा पाठवण्याऐवजी त्याचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पूर्ण पत्ता लिहायचा, आणि प्रत्येक तुकडा आपापला जाऊ द्यायचा. 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांचं. अख्खी तार उतरवून मग पुढे पाठवण्यात एक अडचण होती: एखादी लांबलचक तार आली की मागच्या सगळ्या खोळंबायच्या. तुकडे लहान आणि सारख्या मापाचे असले की कुणाचाच खोळंबा फार होत नाही.

२९ ऑक्टोबर १९६९ ला आर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं, अमेरिकेतलं संगणकांचं जाळं) पहिला संदेश गेला, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला. लॉगिन टाइप करायचं होतं, पण एल आणि ओ एवढी दोनच अक्षरं पोचली आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली. तासाभराने पुन्हा प्रयत्न केला तो यशस्वी झाला. १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांचा टीसीपीवरचा शोधनिबंध आला आणि १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट पूर्णपणे टीसीपी/आयपीवर गेलं.

या दोघांतला कामाचा वाटा असा. आयपी फक्त पत्ता बघून पॅकेट पुढे ढकलतं, पोचेल याची हमी देत नाही. टीसीपी पॅकेटला क्रमांक देतं, पोच मागतं, पोच आली नाही तर पुन्हा पाठवतं. हमी दोन टोकांच्या यंत्रांनी घ्यायची, मधल्या जाळ्याने फक्त वाहायचं. सर्फ आणि कान यांचा हा निर्णय मला या सगळ्या इतिहासात सर्वांत धाडसी वाटतो. टेलिफोन कंपन्यांनी शंभर वर्षं नेमकं उलट केलं होतं: हुशारी सगळी एक्स्चेंजमध्ये आणि घरातलं यंत्र साधं.

ऊसकरी_वाळवा | रविवार, रात्री ९:४०

स्नेहलताई, आमच्या भाषेत सांगायचं तर हे ऊसतोडीसारखं झालं की. एका फडाचा ऊस एका गाडीत मावत नाही. दहा-बारा ट्रॉल्या होतात, प्रत्येकीबरोबर शेतकऱ्याच्या नावाची आणि गटाची स्लिप. कुठली ट्रॉली आष्ट्यावरून जाईल, कुठली आडवाटेने. कारखान्याच्या गेटवर स्लिप बघून सगळं वजन एकाच खात्याला पडतं. आणि रस्त्यावर एकाच वेळी सगळ्या गावच्या ट्रॉल्या असतात, रस्ता कुणा एकाचा नसतो.

स्नेहल_कराड | रविवार, रात्री ९:५८

दादा, किती छान. दोन फरक मात्र लक्षात ठेवायचे. उसाला क्रम लागत नाही, पॅकेटला लागतो, म्हणून प्रत्येकावर क्रमांक असतो आणि उशिरा आलेलं पॅकेट आपल्या जागी बसवलं जातं. आणि ट्रॉली उलटली तर तो ऊस गेलाच. पॅकेट हरवलं तर पाठवणाऱ्याकडे प्रत असते. एक पॅकेट साधारण १,५०० बाइटचं असतं, म्हणजे ३ एमबीचा एक फोटो पाठवला की २,००० च्या आसपास पॅकेटं निघतात. व्हिडिओ कॉलला मात्र हरवलेलं पॅकेट पुन्हा मागण्यात अर्थ नसतो, तो क्षण निघून गेलेला असतो. तिथे टीसीपीऐवजी बहुतेक वेळा यूडीपी, म्हणजे पोच न मागता नुसतं पाठवत राहणारी पद्धत, वापरतात. कॉलमध्ये चेहरा मधेच चौकोनी चौकोनी होतो त्याचं कारण हे.

कुंडलकर | सोमवार, सकाळी ७:३०

धागा फार आवडला. एक बाजू राहते आहे ती मांडतो.

तार इंग्रजांनी आणली ती आपल्या सोयीसाठी नव्हे. फौज हलवायची, खजिना हलवायचा, बंडाची खबर वेळेत मिळवायची. १८५७ मध्ये मे महिन्यात दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला खबर गेली आणि पंजाबातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना सावध व्हायला वेळ मिळाला. आपल्या लोकांना हे नीट समजलं होतं. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचाही मोठा भाग होता, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या भूमिगत कार्यकर्त्यांनी रेल्वे स्टेशनं, डाक बंगले यांच्याबरोबर तारा तोडल्या. ब्रिटिश सत्ता या तारांमधून चालते हे त्या शेतकऱ्यांच्या पोरांना कुणी शाळेत शिकवलेलं नव्हतं.

१८८५ चा तार कायदा स्वतंत्र भारतातही चालू राहिला आणि त्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा आला २०२३ मध्ये. जाळं कुणाच्या हातात आणि बंद करायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न मुलांना शिकवताना तंत्राइतकाच ठासून सांगावा, अशी विनंती.

तारमास्तर_सांगली | सोमवार, सकाळी ९:००

कुंडलकर, मनापासून आभार. हे मी नक्की सांगेन. याच्याच पुढची एक गोष्ट: इंटरनेटचे नियम कुठल्या एका सरकारने किंवा कंपनीने केलेले नाहीत. १९६९ मध्ये आर्पानेटवर काम करणाऱ्या तरुणांनी आपले ठराव 'आरएफसी' म्हणून क्रमांक देऊन वाटायला सुरुवात केली. अभिप्रायासाठी विनंती असा त्याचा सूर. आजही टीसीपी, आयपी, डीएनएस यांचे नियम त्याच मालिकेत आहेत आणि कुणीही ते फुकट वाचू शकतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांना मोफत खुलं केलं. इंटरनेट आणि वेब यात मुलांची गल्लत होते. इंटरनेट म्हणजे पॅकेट वाहणारं जाळं. वेब ही त्यावरची एक सेवा, ईमेल दुसरी. रे टॉमलिन्सनने ॲट चिन्ह वापरून दोन संगणकांमध्ये ईमेल पाठवली ती १९७१ मध्ये, वेबच्या कितीतरी आधी.

स्वरा_डीटीपी_सातारा | सोमवार, दुपारी २:१५

मी साताऱ्यात राजवाड्याजवळ डीटीपीचं काम करते. आमच्या धंद्याने या सगळ्याची एक वेगळी झळ सोसली आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला जगभर एकच क्रमांक देणारा तक्ता, रुळायच्या आधी प्रत्येक फॉन्टवाल्याची अक्षरांची मांडणी निराळी. एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं लग्नपत्रिकेचं मॅटर दुसऱ्या संगणकावर उघडलं की नुसता चिन्हांचा ढीग. मराठी वर्तमानपत्राची साइट वाचायला आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे.

हळदपेठ आणि तारमास्तर यांनी तक्त्याचं लिहिलं, ते इथे पटतं. पोचवणारं जाळं कितीही चांगलं असलं तरी दोन्ही टोकांकडे एकच तक्ता नसेल तर पोचलेलं वाचता येत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि देवनागरी तिच्यात सुरुवातीपासून होती. आज सगळीकडे वापरतात त्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. 'सातारा' लिहिलं की तीन अक्षरं आणि तीन काने, मिळून १८ बाइट. 'सांगली'सुद्धा १८! एसएमएसमध्ये तर १४० बाइटची मर्यादा, त्यामुळे इंग्रजीला १६० अक्षरं मिळतात आणि मराठीत ७० चिन्हांवर मेसेज संपतो. कित्येक वर्षं लोक रोमन लिपीत मराठी लिहीत राहिले त्याला हेही एक कारण आहे, नुसता आळस नव्हे.

निनाद_८८ | सोमवार, दुपारी ४:००

स्वराताई, हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

काका, एक शंका. इंटरनेट अणुहल्ल्यातही टिकेल असं बनवलंय म्हणतात. मग ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा, आमच्या भागात फोन आणि नेट दोन्ही का मेलं? वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसांना तेव्हाच त्याची गरज होती.

तारमास्तर_सांगली | सोमवार, संध्याकाळी ६:३०

निनाद, तो आठवडा सांगलीत कुणी विसरणार नाही. उत्तर दोन भागांत.

हल्ल्यातून वाचणाऱ्या जाळ्याचा अभ्यास केला तो पॉल बॅरन यांनी. आर्पानेट प्रत्यक्ष उभं केलं ते संशोधन संस्थांमधले महागडे संगणक एकमेकांना वापरता यावेत म्हणून. दोन गोष्टी लोकांच्या तोंडी एक झाल्या. तरी वळसा घेण्याचा गुण पॅकेटच्या जाळ्यात आहेच. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या तेव्हा भारताचं इंटरनेट मंदावलं, पण पूर्ण थांबलं नाही. उरलेल्या केबलींवरून, पूर्वेकडूनही, वाहतूक फिरवली गेली.

पण वळसा घ्यायला दुसरी वाट असावी लागते. मोठ्या शहरांमध्ये त्या असतात. तुमच्या घरापासून पहिल्या एक्स्चेंजपर्यंत किंवा टॉवरपर्यंत एकच असते. आणि टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास, मग डिझेल जनरेटर. रस्ते पाण्याखाली असताना डिझेल नेणार कसं? शिवाय जनरेटर जमिनीलगत बसवलेला असेल तर तोच आधी बुडतो. जुन्या टेलिफोनचा एक मोठा गुण इथे आठवतो: त्याला लागणारी वीज एक्स्चेंजच्या ५० व्होल्टच्या बॅटरीतून त्याच तांब्याच्या जोडीने घरी यायची. गावात अंधार असला तरी फोन चालायचा. आजच्या फायबरमधून, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या काचेच्या तंतूतून, वीज जात नाही. म्हणून पूररेषेतल्या गावांमध्ये घरातल्या फायबरच्या डबीला छोटी बॅटरी लावून ठेवा, आणि टॉवरचे जनरेटर उंच चौथऱ्यावर बसवावेत म्हणून ग्रामसभेत ठराव करा. हे मी अगदी कळकळीने सांगतो आहे.

वाईकर | सोमवार, रात्री ८:१०

आणि उपग्रह? मुलं आभाळाकडे बोट दाखवतात म्हणालात, ते साफ चूक आहे का? नारायणगावजवळ आर्वीला मोठं भूकेंद्र होतं ना?

तारमास्तर_सांगली | सोमवार, रात्री ९:२५

होय. आर्वीचं विक्रम भूकेंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं आणि परदेशी फोनचा मोठा भार त्याने वाहिला. पण त्या प्रकारचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. वर जाऊन खाली यायला रेडिओलहरीला पाव सेकंद लागतो, आणि उत्तर यायला आणखी पाव. पूर्वीच्या परदेशी कॉलमध्ये दोघं एकाच वेळी बोलून अडखळायचे त्याचं कारण हेच. आज देशोदेशींच्या डेटाचा फार मोठा भाग समुद्राखालच्या फायबरमधून जातो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे सांगली ते मुंबई हे अंतर दोन-तीन मिलिसेकंदांचं. आता खालच्या कक्षेतले, ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणारे उपग्रह इंटरनेट देतात आणि त्यांना उशीर कमी लागतो. डोंगराळ भागात, कोयनेच्या खोऱ्यात, त्यांचा उपयोग होईल. गर्दीच्या गावाला फायबरच हवी.

फायबरबद्दल आपल्याला अभिमान वाटावा असं एक: काचेच्या तंतूतून प्रकाश वळवून नेण्याच्या सुरुवातीच्या संशोधनात पंजाबचे नरिंदरसिंग कपानी होते. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी शुद्ध काचेतून प्रकाश लांबवर नेता येईल हे दाखवलं, त्यासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. आणि भारतात दोन एक्स्चेंज जोडणारी पहिली फायबर पडली ती पुण्यात, १९७९ मध्ये.

मोबाईलचा टॉवरही शेवटी या फायबरला किंवा मायक्रोवेव्हच्या डिशला जोडलेला असतो. बिनतारी भाग तुमच्या हातापासून टॉवरपर्यंत, फार तर काही किलोमीटरचा.

आर्या_अकरावी | मंगळवार, दुपारी ३:५०

काका, मी रविवारी येते त्यातली. हे सगळं आपल्याला डोळ्यांनी बघता येईल का? पॅकेट कुठून गेलं ते?

स्नेहल_कराड | मंगळवार, संध्याकाळी ५:०५

येईल, आर्या. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघड, ट्रेसर्ट टाइप कर (स्पेलिंग टी-आर-ए-सी-ई-आर-टी), एक जागा सोड आणि कुठल्याही साइटचं नाव लिही. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, त्याला टीटीएल म्हणतात. वाटेतला प्रत्येक राउटर (पत्ता बघून पॅकेट पुढे पाठवणारं यंत्र) तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. चुकीच्या वाटेला लागलेली पॅकेटं जन्मभर फिरत राहू नयेत म्हणून ही सोय. ट्रेसर्ट मुद्दाम आधी १, मग २, मग ३ असा आकडा घालून पॅकेट पाठवतं, त्यामुळे पहिला, दुसरा, तिसरा राउटर आपापला पत्ता सांगत जातो.

आर्या_अकरावी | मंगळवार, रात्री ८:२०

केलं ताई! पहिल्या ओळीत १९२.१६८.१.१ आलं, १ मिलिसेकंद. दुसऱ्या ओळीत १० ने सुरू होणारा पत्ता. मग दोन ओळींत नुसत्या चांदण्या आणि 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. पुढे ११, १२ मिलिसेकंदवाल्या तीन ओळी, आणि मग एकदम १३८. चांदण्यांपाशी लाईन तुटली होती का? आणि १३८ का?

तारमास्तर_सांगली | मंगळवार, रात्री ९:१०

शाब्बास आर्या. तुटली असती तर पुढच्या ओळी आल्याच नसत्या. काही राउटर पॅकेट पुढे नेतात पण असल्या चौकशीला उत्तर देत नाहीत, तसं सांगून ठेवलेलं असतं. पहिला पत्ता तुझ्या घरातल्या राउटरचा. तो घराबाहेर कुणाला दिसत नाही, लाखो घरांत तोच आकडा आहे. १० ने सुरू होणारा तुझ्या इंटरनेट कंपनीच्या आतल्या जाळ्यातला, आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत म्हणून असे खासगी पत्ते वापरतात. ११-१२ वाल्या तीन ओळी बहुधा पुणे-मुंबईकडच्या. १३८ ला तुझं पॅकेट समुद्र ओलांडून गेलं: मुंबई ते लंडन सरळ रेषेत ७,००० किलोमीटरच्या वर, केबल त्याहून लांब, आणि हा आकडा जाऊन परत येण्याचा असतो.

आता हेच एखाद्या भारतीय सरकारी साइटवर करून बघ आणि दोन्हींचे आकडे इथे शेजारी शेजारी लिही. त्या साइटचा सर्व्हर देशातच असेल तर शेवटचा आकडा शंभराच्या बराच खाली यायला हवा. आला नाही तर तेही कळव, मग कुठल्या ओळीत उडी बसली ते आपण मिळून शोधू.